हॉल भरतो कधी? ग्वाल्हेरमधल्या एका संगीत सभागृहाच्या वातानुकूलनाचं प्रकरण

पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका मराठी न्यासाची दुमजली इमारत आहे. न्यासाचं आणि माणसांची नावं इथे दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूने सहा दुकानगाळे भाड्याने दिलेले, मागे कचेरी, संगीताचे वर्ग आणि वाद्यांची खोली. वर २५० खुर्च्यांचा हॉल, क्षेत्रफळ सुमारे ३,००० चौरस फूट. खालचा मजला जुना, दीड-दोन फूट जाडीच्या दगडी भिंतींचा. हॉल पुढे कधीतरी चढवलेला, त्यामुळे त्याच्या डोक्यावर साधा आरसीसी स्लॅब, दिवसभर उन्हात तापणारा.

गाळ्यांचं भाडं आणि हॉलचं भाडं यांवर न्यास चालतो. शिष्यवृत्त्या, शिक्षकांचं मानधन, जुन्या वाद्यांची दुरुस्ती, सगळं त्यातूनच. हॉल चार महिने रिकामा राहिला तर फटका थेट वर्गांना बसतो. म्हणून वातानुकूलनाचा आराखडा करताना या कामाकडे मी केवळ गारव्याचं काम म्हणून पाहू शकलो नाही.

ग्वाल्हेरची हवा ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर आणि वर लू. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत दमट, कुंद हवा. डिसेंबरच्या शेवटी धुकं पडलं की सकाळी ५-६ अंश. म्हणजे एकाच इमारतीला गारवा हवा, ऊब हवी, काही महिने ओलावा घालायला हवा आणि काही महिने काढायला हवा. पुण्या-मुंबईच्या अनुभवावर इथे यंत्रं निवडता येत नाहीत.

अडचण

आधीची व्यवस्था अशी: उन्हाळ्यात खिडक्यांना खसाचे आठ कूलर, पावसाळ्यात नुसते पंखे, थंडीत ज्याची त्याची शाल. बाहेरच्या संस्था हॉल घेईनाशा झाल्या होत्या. पण न्यासाने मला बोलावलं ते दुसऱ्याच कारणाने. एका मे महिन्यात जुन्या तंबोऱ्याचा भोपळा सांध्याशी उकलला. वाद्यांच्या खोलीत तो गवसणीत नीट ठेवलेला होता, कुणाचा हातही लागला नव्हता. त्याच वर्षी गणेशोत्सवातल्या एका मैफलीत तबला दर वीस मिनिटांनी उतरत होता. वादकाने हातोडी खाली ठेवलीच नाही.

न्यासाच्या चिटणीसकाकांकडे तोवर एका ठेकेदाराचं दरपत्रक आलेलं होतं. शंभर चौरस फुटांना एक टन (म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॉट उष्णता काढण्याची क्षमता) हा बाजारातला ठोकताळा लावून हॉलसाठी ३० टन, थंडीसाठी डक्टमध्ये, म्हणजे हवा नेणाऱ्या नळात, २४ किलोवॉटचे स्ट्रिप हीटर (विजेवर तापणाऱ्या पट्ट्या), आणि वाद्यांसाठी म्हणून मुख्य डक्टमध्येच ताशी ३० किलो वाफ सोडणारा इलेक्ट्रोड ह्युमिडिफायर. असा ह्युमिडिफायर एक किलो वाफेला साधारण पाऊण किलोवॉट घेतो, म्हणजे तोच २२-२३ किलोवॉट झाला. इमारतीचा मंजूर वीजभार होता ४० किलोवॉट. तो दुपटीहून वाढवावा लागला असता.

पहिल्या भेटीत गायनाचे ज्येष्ठ शिक्षक, ज्यांना तिथे सगळे बुवा म्हणतात, मला बाजूला घेऊन म्हणाले, "अहो, माणसांना गारवा द्या, माझं काही म्हणणं नाही. पण वाऱ्याचा झोत स्टेजवर आला ना, की तारा चढतात. मग मी गाऊ की तंबोरे लावत बसू?" त्यांचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध होतं. गार झोताने धातूची तार आकसते, ताण वाढतो आणि स्वर चढतो. तबल्याच्या पुडीचं गणित वेगळं. कोरड्या हवेत चामडं ताणून स्वर वर जातो, दमट हवेत सैलावून खाली येतो.

पहिला निर्णय: टन मोजण्याआधी वर्ष मोजायचं

मी काकांकडे मागच्या तीन वर्षांची हॉलच्या नोंदणीची वही मागितली. त्यांना आश्चर्य वाटलं, कारण ठेकेदाराने फक्त हॉलची लांबी-रुंदी विचारली होती. वही उलगडली आणि निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

हॉल खच्चून भरतो तो गणेशोत्सवात, नवरात्राच्या कार्यक्रमांना, आणि डिसेंबरमध्ये तानसेन समारोहाच्या आगेमागे. मे महिन्यात, जेव्हा बाहेर आग ओकत असते, तेव्हा मुलं सुट्टीवर असतात आणि हॉलमध्ये पन्नास-साठ माणसांच्या तालमी किंवा बैठका होतात. दरपत्रक मात्र धरून चाललं होतं की ४५ अंश तापमान आणि २५० माणसं एकाच दुपारी येणार.

वाद्यांच्या खोलीत आणि हॉलमध्ये तापमान-आर्द्रतेची नोंद ठेवणारी दोन छोटी उपकरणं मी ऑगस्टमध्ये बसवली आणि काम पुढच्या जूनपर्यंत थांबवायला सांगितलं. न्यासातल्या काहींना हे आवडलं नाही. दहा महिने हातातले जातात, खरं आहे. पण वाद्यांच्या खोलीत ऑगस्टमध्ये ८४ टक्के सापेक्ष आर्द्रता आणि मे महिन्यातल्या दुपारी १९ टक्के, हे दोन आकडे समोर आल्यावर भोपळा का उकलला हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

आकड्यांनी काय दाखवलं

हा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण सगळे निर्णय यावर उभे आहेत.

खुर्चीत शांत बसलेला श्रोता साधारण ७० वॉट उष्णता आणि ३५ वॉटच्या आसपास ओलाव्याची उष्णता बाहेर टाकतो. २५० श्रोत्यांचे झाले साडेसात टन. त्यातला ओलावा पाण्यात मोजला तर ताशी बारा-साडेबारा लिटर. म्हणजे हॉल भरला की श्रोतेच ह्युमिडिफायर असतात. त्या हवेत वरून वाफ सोडायची गरज कधीच पडणार नव्हती. कोरडेपणाचा त्रास रिकाम्या वेळी आणि वाद्यांच्या खोलीत होता.

दुसरी गोष्ट ताज्या हवेची. २५० माणसांना आणि एवढ्या क्षेत्रफळाला मिळून सुमारे १,४०० सीएफएम (मिनिटाला घनफूट) बाहेरची हवा आत घ्यावी लागते. मे महिन्यात ४३ अंशांची ती हवा २४ अंशांवर आणायला साधारण ४ टन लागतात. भाद्रपदात बाहेर ३२ अंशच असतात, पण वेट बल्ब (ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकावरचा आकडा, हवा जितकी दमट तितका तो चढा) २७ अंशांवर असतो. ती हवा गार करून तिच्यातला ओलावा काढायचा तर साडेसात टन लागतात. लूपेक्षा श्रावण-भाद्रपदातली हवा यंत्राला जवळजवळ दुप्पट जड जाते. काकांना मी हे कागदावर मांडून दाखवलं तेव्हा त्यांनी दोनदा बेरीज तपासली.

तिसरी गोष्ट छत. उघड्या स्लॅबमधून मे महिन्यात ८ टनांच्या आसपास उष्णता आत येत होती. त्यावर ७५ मिलिमीटर एक्सपीएसचे (उष्णता अडवणाऱ्या कडक फोमचे) तक्ते आणि वर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केली, तर ती १ टनावर येते. यंत्र घेण्याआधी छत करावं, याबद्दल माझ्या मनात कधीच शंका नव्हती.

आणि थंडी. जानेवारीतल्या सकाळी बाहेर धुकं असतं, म्हणून हवा ओली आहे असं वाटतं. पण ७ अंशांची ती हवा आत घेऊन २१ अंशांपर्यंत तापवली, की आर्द्रता ४० टक्क्यांवर येते. स्ट्रिप हीटर लावून वाद्यं थंडीतही कोरडी करण्याची ती सोय झाली असती. शिवाय भरलेल्या हॉलमध्ये २५० माणसं मिळून १७ किलोवॉट उष्णता देतात. ऊब लागते ती कार्यक्रमाच्या आधी तासभर.

तोललेले पर्याय

कॅसेट (छतात बसणारी) किंवा स्प्लिट यंत्रं. स्वस्त, लवकर बसणारी, दुरुस्तीला सोपी. पण ताजी हवा शून्य आणि श्रोत्यांच्या डोक्यावरच आवाज. आलापाच्या वेळी हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू यायला हवी. हा पर्याय लगेच बाजूला पडला.

डक्टसह मोठा एअर वॉशर, म्हणजे पाण्यातून हवा गार करणारा मोठा कूलरच. याचा मोह मला स्वतःला होता. ४३ अंश आणि वेट बल्ब २२ असताना चांगला वॉशर २५-२६ अंशांची हवा देतो, वीज फार कमी खातो. पण ती हवा ओलाव्याने भरलेली असते, आणि भाद्रपदात, म्हणजे हॉल भरतो तेव्हाच, तो २८ अंशांची चिंब हवा देतो. तबल्याची जी तक्रार मिटवायची होती तीच वाढली असती. पाणीही ताशी दीडशे लिटरच्या वर लागलं असतं. ग्वाल्हेर तिघरा धरणावर अवलंबून आहे आणि तिथल्या पाण्याची ओढाताण इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

व्हीआरएफ, म्हणजे बाहेरच्या एका यंत्रावर अनेक खोल्यांतली यंत्रं चालवणारी व्यवस्था. तांत्रिकदृष्ट्या उत्तम, गारवा आणि ऊब दोन्ही देणारी. पण एकच मोठी मोकळी जागा असलेल्या हॉलला तिच्या अनेक खोल्या सांभाळण्याच्या गुणाचा उपयोग नव्हता, आणि किंमत बरीच जास्त. तळमजल्याचे वर्ग आणि कचेरीही त्यात घेतली असती तर हिशेब बदलला असता. न्यासाकडे तेवढे पैसे नव्हते.

हीट पंप असलेली (म्हणजे उलटं चालून ऊबही देणारी) दोन डक्टेबल इन्व्हर्टर यंत्रं, डक्टमधून हवा देणारी आणि गरजेप्रमाणे वेग बदलणारी, आणि वेगळं ताज्या हवेचं यंत्र. इथे खरा प्रश्न पडला तो ताज्या हवेच्या यंत्रात काय बसवायचं याचा. अप्रत्यक्ष बाष्पीभवनाचा टप्पा बसवला असता तर मे महिन्यात ४३ अंशांची हवा ओलावा न वाढवता २९-३० अंशांवर आली असती. दुसरा मार्ग एन्थाल्पी व्हीलचा. हे चाक बाहेर जाणाऱ्या हवेतला गारवा आणि कोरडेपणा येणाऱ्या हवेला देतं, आणि थंडीत आतली ऊब व ओलावा परत आत आणतं. नोंदणीच्या वहीने निवड सोपी केली. चाक वर्षभर कामाचं, आणि भाद्रपदात सर्वांत जास्त. साडेसात टनांचा ताज्या हवेचा भार त्याने अडीच-तीन टनांवर येतो.

ठरलं काय

छत आधी. मग दोन डक्टेबल यंत्रं, प्रत्येकी साडेआठ टनांची, म्हणजे ३० टनांऐवजी १७. ताज्या हवेला एन्थाल्पी व्हील. स्ट्रिप हीटर नाहीत, डक्टमधला वाफेचा ह्युमिडिफायर नाही.

एक धोका मी न्यासाला लेखी कळवला. यंत्राची क्षमता ३५ अंशांना सांगितलेली असते, ४५-४६ अंशांना ती दहा-बारा टक्क्यांनी उतरते. मे महिन्यात कधी पूर्ण भरलेला हॉल झाला तर यंत्रं जेमतेम पुरतील, तापमान कदाचित २६ अंशांवर थांबेल. वर्षातल्या एखाद्या अशा दुपारसाठी पाच टन जास्त घ्यायचे का? बैठकीत बरीच चर्चा झाली. नको, असं ठरलं, आणि ते पैसे वाद्यांच्या खोलीला द्यायचे.

वाद्यांची खोली १४ बाय १८ फुटांची. तिचा हिशेब केला तर कोरड्या दिवसांत तिला चोवीस तासांत साडेतीन लिटर पाणी पुरतं. ताशी ३० किलो वाफेच्या जागी दिवसाला साडेतीन लिटर! अल्ट्रासॉनिक यंत्र घेतलं नाही, कारण पाणी क्षारमुक्त नसेल तर ते पांढरी भुकटी हवेत उडवतं आणि ती जवारीवर, म्हणजे तंबोऱ्याच्या तारा टेकतात त्या घोडीवर, जाऊन बसते. ओल्या जाळीतून पंख्याने हवा ओढणारं छोटं यंत्र घेतलं. हवा पुरेशी ओली झाली की त्याचं बाष्पीभवन आपोआप मंदावतं, म्हणून अति होण्याची भीती कमी. पावसाळ्यासाठी मोरीत थेट निचरा होणारा एक डीह्युमिडिफायर. दोन्ही एकाच आर्द्रतामापकावर, ४५ ते ५५ टक्क्यांच्या दरम्यान.

बसवताना

आवाजासाठी डक्टमधला वेग मुद्दाम कमी ठेवला, आत अस्तर, यंत्राला जोडताना कॅनव्हास, आणि बाहेरची यंत्रं स्टेजच्या वर न ठेवता जिन्याच्या टोकाकडे, स्प्रिंगवर. रात्री अकरानंतर रिकाम्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत मोजलं तेव्हा ३४ डेसिबल आले.

स्टेजवर हवा थेट सोडली नव्हती. पहिल्याच गणेशोत्सवात दिव्यांखाली कलाकार घामाने भिजले, तेव्हा बाजूच्या विंगेत मोठ्या जाळीतून अगदी संथ हवा सोडायचं ठरलं. वेग मापकाने तपासलाच, पण बुवांना आकड्यापेक्षा डोळ्यांनी दिसणारं काही हवं होतं. त्यांनी गायकाच्या जागी, तंबोऱ्याच्या भोपळ्याशेजारी, एक उदबत्ती लावली. आम्ही सगळे खाली बसून पाहत होतो. धूर आधी डावीकडे कलला. जाळीची एक झडप अर्धी मिटली, तरी कललाच. दुसरी मिटल्यावर तो वीतभर सरळ वर गेला आणि मग हळू विरला. बुवा म्हणाले, "आता हात लावू नका." झडपा तिथेच स्क्रूने पक्क्या केल्या.

पहिल्या वर्षात काय चुकलं

सर्वांत मोठी चूक माझी. दोन्ही यंत्रं मी एकाच थर्मोस्टॅटवर ठेवली होती. श्रावणात तालमीला साठ माणसं असत. दोन्ही यंत्रं पाच-दहा मिनिटांत २४ अंश गाठत आणि वेग कमी करून मंद चालत. यंत्रातली गार नळ्यांची कॉइल मग पुरेशी गार राहत नाही, हवा गार वाटते पण ओलावा निघत नाही. त्यात ताज्या हवेचं यंत्र २५० माणसांच्या हिशेबाने पूर्ण वेगाने चालू, म्हणजे साठ माणसांसाठी तिप्पट दमट हवा आत. आर्द्रता ७० टक्क्यांवर गेली, तबला पुन्हा उतरू लागला आणि तक्रारीचा फोन मला आला. तो यायलाच हवा होता.

उपाय साधे होते. शंभराच्या आत माणसं असतील तर एकच यंत्र, त्याच्या पंख्याचा वेग पाव हिश्शाने कमी, आणि ताज्या हवेच्या पंख्याला कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर. आर्द्रता ५७-५८ टक्क्यांवर आली. हे सगळं मला आराखड्यातच करता आलं असतं. भरलेला भाद्रपद मी मोजला, अर्धा रिकामा श्रावण मोजायचा राहिला.

दुसरी गडबड पाण्याची. वाद्यांच्या खोलीतल्या यंत्रात शिपाईदादा बोअरचं पाणी भरत राहिले, कारण त्यांना कुणी वेगळं सांगितलंच नव्हतं. दोन महिन्यांत जाळीवर क्षारांचा पांढरा थर चढला आणि यंत्र निम्मंच पाणी सोडू लागलं. आता कचेरीतल्या आरओचं पाणी भरतात आणि जाळी महिन्याला धुतात.

तिसरी धुळीची. मे महिन्यातल्या आंधीनंतर ताज्या हवेचा फिल्टर बारा दिवसांत तुंबला. बोटाने ओढलं तर पिठासारखी पिवळसर धूळ निघत होती. त्यापुढे धुता येईल अशी धातूची जाळी लावली आणि फिल्टरवर दाबमापक, म्हणजे तारीख न पाहता काटा पाहून साफसफाई होते.

निष्पत्ती

दोन उन्हाळे, दोन पावसाळे आणि दोन थंड्या गेल्या आहेत. मंजूर भार थोडा वाढवून भागलं. वाद्यांच्या खोलीची आर्द्रता वर्षभर ४४ ते ५८ टक्क्यांच्या आत राहिली, वीज गेलेले काही दिवस सोडून. उकललेला तंबोरा मिरजेला पाठवून दुरुस्त झाला आणि परत त्याच खोलीत उभा आहे. थंडीत कार्यक्रमाआधी एक तास हीट पंप चालवतात, श्रोते बसले की अर्ध्या तासात बंद करतात. मे महिन्यात एकदा एका शाळेच्या स्नेहसंमेलनाला हॉल पूर्ण भरला आणि तापमान २६ अंशांच्या खाली गेलं नाही. न्यासाला ते आधीच ठाऊक होतं, भाडं घेणाऱ्यांनाही काकांनी तसं सांगितलं होतं.

आज करायचं झालं तर

ताज्या हवेच्या यंत्राला चाक वगळून जाणारी बगल घेईन. ऑक्टोबरच्या रात्री आणि फेब्रुवारीत बाहेरची हवा इतकी छान असते की नुसती आत घेतली तरी पुरे, पण चाक तिला आतल्या हवेसारखी करून टाकतं. ती बगल मी पैसे वाचवायला काढली होती.

वाद्यं खोलीतून हॉलमध्ये नेताना जिना उघडा आहे. पावसाळ्यात त्या दोन मिनिटांपेक्षा विंगेत गेलेला अर्धा तास वाद्यांना जास्त भोवतो, कारण पडद्यामागे हवा साचते. विंगेत बंद दाराचं एक कपाट आणि त्यात तीच ४५-५५ टक्क्यांची हवा, एवढं सुरुवातीलाच सुचायला हवं होतं. बुवांना मी विचारलं असतं तर त्यांनी पहिल्या दिवशीच सांगितलं असतं.

तळमजल्याच्या वर्गांत अजून कूलरच आहेत. न्यासाने आता त्यांचं दरपत्रक मागितलंय. मी टनांचा आकडा अजून दिलेला नाही. काकांकडे वर्गांचं महिन्यावार वेळापत्रक मागितलं आहे, आणि आर्द्रतेची नोंद ठेवणारं एक उपकरण कालच तबल्याच्या वर्गातल्या खुंटीवर टांगून आलो.